हिशेबात एक जास्त

वाचकाचं पत्र

अकरा-बारा वर्षांची असताना धारप आणि मतकरी वाचून मी पाय पोटाशी घेऊन झोपायचे. आता वय चौतीस. गेल्या दीड वर्षात पंधरा-वीस भयकादंबऱ्या वाचल्या, पण एकीनेही अंगावर काटा आणला नाही. दारं करकरतात, आरशात बाई दिसते, मी पान उलटते. धाकटा भाऊ सर्व्हायव्हल हॉररचे, म्हणजे भीतीच्या जागी कसंबसं तगून राहायचे, गेम खेळतो. ते नुसतं बघतानाही माझा श्वास अडकतो. म्हणून त्या धर्तीच्या कादंबऱ्या मिळवल्या, तर त्यांत नुसती पळापळ आणि आतडी. मध्यंतरी बाबांचं आजारपण झालं. अडीच महिने आयसीयूबाहेर काढले, मग बाबा गेले. तेव्हापासून पुस्तकातली भुतं खोटी वाटतात. माझी घाबरायची शक्तीच संपली का? नसेल संपली, तर काय वाचू?

उत्तर

प्रिय मैत्रीण,

बाबांबद्दलची ओळ तुम्ही पत्राच्या शेवटाशी, मध्यंतरी असंही झालं म्हणून घाईघाईत लिहून टाकली आहे. मला मात्र उत्तर तिथूनच सुरू करावं लागेल. बाबा गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं.

तसल्या बाकावर मीही बसले आहे. कुणी आत-बाहेर केलं की दार क्षणभर उघडं राहायचं, आणि तेवढ्यात पलीकडच्या मॉनिटरवरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा निळा आकडा दिसायचा. 94 दिसला तर पुढचा तासभर मी माणसांत असायचे. 90 दिसला की पोटात खड्डा पडायचा. तिथे कुणी किंकाळी फोडत नव्हतं, दिवे विझत नव्हते. लख्ख उजेडात सगळं चाललेलं असायचं आणि आम्ही बाहेर बसलेले लोक मोजत राहायचो. आकडा किती, भेटीची मिनिटं किती, बाटलीत औषध किती उरलं, डॉक्टर कालच्यापेक्षा किती मिनिटं कमी थांबले. तुम्ही अडीच महिने हे केलं आहे. भीती म्हणजे काय ते तुम्हाला आतून-बाहेरून माहीत आहे. मग एखादा लेखक आरशात बाई उभी करून म्हणतो, घाबरा आता. तुम्ही कशाला घाबराल? तुमची शक्ती शाबूत आहे. तुम्ही फक्त नाणं वाजवून घ्यायला लागला आहात.

आता भावाच्या गेमकडे बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुम्ही स्वतःच त्यात लिहून ठेवलं आहे. सर्व्हायव्हल हॉरर हे नाव रूढ झालं ते 1996च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ या गेममुळे. त्यात राक्षस होते, पण खेळणाऱ्याच्या हाताला घाम फुटायचा तो दुसऱ्याच गोष्टीने. अंगावर वस्तू नेता यायच्या मोजून सहा, दुसरं पात्र घेतलं तर आठ. गोळ्या तुटपुंज्या. खेळात इथवर पोचलो याची नोंद करायलासुद्धा टाइपरायटर आणि शाईची रिबन लागायची, आणि रिबनी मोजक्याच असायच्या. म्हणजे आत्ता नोंद करून ठेवावी की पुढच्या दाराआड काय आहे ते आधी बघून घ्यावं, हा निर्णय प्रत्येक वेळी जिवावर यायचा. भावाच्या खांद्यावरून बघताना तुमचा श्वास अडकतो तो त्या शिलकीपायी. दोन गोळ्या उरल्यात आणि समोर लांबलचक बोळ आहे. तुम्हाला ते दृश्य ओळखीचं वाटतं.

त्याच नावाखाली विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कादंबऱ्या नेमकी ही शिलक गाळतात आणि राक्षस तेवढा उचलतात. मग पळापळ आणि आतडी उरतात. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले, एकाचा स्थायीभाव भय आणि दुसऱ्याचा जुगुप्सा, ते किती बरोबर होतं हे अशा कादंबऱ्या वाचताना पटतं. ॲन रॅडक्लिफ या इंग्रज कादंबरीकर्तीचा एक निबंध तिच्या मृत्यूनंतर, 1826 साली छापला गेला. त्यात तिनेही असाच भेद केला होता. एका प्रकारची भीती मन विस्तारते, जाणिवा जाग्या करते. दुसरी मन आक्रसून गोठवून टाकते. तुम्हाला पहिली हवी आहे आणि हाती दुसरी पडते आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. चांगल्या अमानवी कादंबरीत भूत दारातून येत नाही, ते हिशेबात शिरतं. आधी लेखक तुमच्याकडून सगळं मोजून घेतो. माणसं किती, होडीत वल्ही किती, कोळसा किती, उजेड किती तास. तुमचा त्या आकड्यांवर विश्वास बसला की एक दिवस मोजणी चुकते. एक कमी भरतो, किंवा एक जास्त भरतो. जास्त भरलेला एक मला नेहमीच अधिक भयंकर वाटत आला आहे.

ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ (1897) तुम्ही पूर्वी वाचली असेल, पण सातवं प्रकरण आता पुन्हा काढून वाचा. त्यात डिमीटर नावाच्या जहाजाच्या कप्तानाची रोजनिशी आहे. सुरुवातीलाच तो जहाजावरची माणसं लिहून ठेवतो. पाच खलाशी, दोन मेट म्हणजे कप्तानाच्या हाताखालचे अधिकारी, एक आचारी आणि तो स्वतः. नऊ. मग एक खलाशी दिसेनासा होतो. त्याची नोंद तो कोरडेपणाने करतो, जहाजावर रोज जे लिहायचं असतं त्याच ओघात. मग कुणीतरी सांगतं, जहाजावर एक उंच, बारीक माणूस दिसला, तो आपल्यातला नाही. शोधाशोध होते, कुणी सापडत नाही. नोंदी चालू राहतात, नऊ मात्र नऊ राहत नाहीत. रक्ताचा थेंब न दाखवता स्टोकरने केवळ बेरीज-वजाबाकीवर ते जहाज हाकत नेलं आहे. लहानपणी मी हे प्रकरण भराभर उलटून पुढे गेले होते, आधीच्या प्रकरणांतल्या किल्ल्यासारख्या गमतीजमती हव्या होत्या म्हणून. आता सगळ्या कादंबरीत मला तेच सर्वांत जास्त भिववतं.

तरी तुमची सुरुवात मी ‘ड्रॅक्युला’पासून करणार नाही. अल्जरनॉन ब्लॅकवुडची ‘द विलोज’ घ्या. 1907ची दीर्घकथा आहे, दोन बैठकांत संपते, आणि इतकी जुनी की इंटरनेटवर रीतसर मोफत मिळते. दोन मित्र छोट्या होडीतून युरोपातली डॅन्यूब नदी उतरत चालले आहेत. ब्लॅकवुड स्वतः तसा प्रवास करून आलेला होता, त्यामुळे पुराचं पाणी, वाऱ्याचा जोर, तंबूचे खुंटे, ओलं सरपण हे सगळं हाताने चाचपलेलं आहे. नदी पसरून दलदल झाली आहे, वस्ती मागे राहिली आहे, आणि ते वाळुंजाच्या, म्हणजे विलोच्या, झुडपांनी भरलेल्या एका वाळूच्या बेटावर मुक्काम करतात. पूर बेट कडेकडेने खातो आहे. एवढीच परिस्थिती. इथवर ही निव्वळ तगून राहायची गोष्ट आहे, भुताचा पत्ता नाही.

निवेदकाला धीर कशाचा, तर सोबतीला आलेला मित्र अगदी कल्पनाशून्य माणूस आहे याचा. त्याला भलतंसलतं काही सुचायचं नाही, तो वल्हं मारणार आणि विस्तव पेटवणार. सकाळी हाच माणूस शांत आवाजात सांगतो की एक वल्हं नाही. होडीच्या तळाला चीर पडली आहे. उरलेलं वल्हं बघावं तर त्याचं पातं कुणीतरी निगुतीने तासून पातळ केलेलं, पहिल्याच जोरात मोडेल इतकं. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसून राहिले होते. कारण भूत दिसलं असतं तर ते दिसलं एवढंच झालं असतं. इथे कुणीतरी अंधारात बसून, घाई न करता, यांना सुटता येऊ नये एवढ्यापुरतं काम करून गेलं आहे. आणि त्या कल्पनाशून्य मित्राचा यावर निवेदकाच्या आधी विश्वास बसतो. पुढे पाव सापडत नाही तेव्हा मित्राला वाटतं, तोही त्यांनीच नेला. मग निवेदकाला आठवतं की पाव घ्यायचा आपणच विसरलो होतो, आणि तो हसत सुटतो. ते हसणं ऐकवत नाही. एका बाबीचा हिशेब जुळला, म्हणून बाकीच्या न जुळलेल्या बाबी अधिकच उघड्या पडतात.

तुम्ही म्हणाल, हे सगळं लेखकाचं डोकं. ते तसं नाही, म्हणून तर मला हा साहित्यप्रकार इतका प्रिय आहे. 1916च्या मे महिन्यात, अंटार्क्टिकाच्या मोहिमेत जहाज गमावलेला अर्न्स्ट शॅकल्टन आणि त्याचे सोबती फ्रँक वर्स्ली व टॉम क्रीन या तिघांनी दक्षिण जॉर्जिया बेटाचे हिमाच्छादित डोंगर सुमारे 36 तासांत चालून पार केले. मागे अडकलेल्या सोबत्यांना सोडवायला दुसरा मार्ग नव्हता. शॅकल्टनने नंतर आपल्या पुस्तकात लिहिलं की त्या चालीत आपण तीन नसून चार आहोत असं मला वारंवार वाटत होतं. त्याने हे तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं, तरी वर्स्लीलाही तसंच वाटलं होतं. 1933 साली फ्रँक स्माइद हा गिर्यारोहक एव्हरेस्टवर एकटाच वर चढत होता. खायला म्हणून पुदिन्याची वडी काढली, तिचे दोन तुकडे केले, आणि एक तुकडा सोबत्याला द्यायला वळला. सोबती कुणी नव्हताच. जगण्याची धडपड टोकाला गेली की माणसाची मोजणी आपसूक चुकायला लागते. तिथे अमानवी बाहेरून आणून बसवावं लागत नाही. सर्व्हायव्हल आणि सुपरनॅचरल अशा दोन वेगळ्या फळ्यांवर ही पुस्तकं लावतात, ते मला कधीच पटलेलं नाही.

या जागेवर उभी राहिलेली सर्वांत मोठी कादंबरी म्हणजे डॅन सिमन्सची ‘द टेरर’ (2007). ती हातात घेण्याआधी एका खऱ्या कागदाबद्दल सांगते. सर जॉन फ्रँकलिन 1845 साली एरेबस आणि टेरर ही दोन जहाजं घेऊन उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात वायव्येचा सागरी मार्ग शोधायला गेला. त्यांच्यातलं कुणी परतलं नाही. 1859मध्ये किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत एक कागद मिळाला. आरमाराचा छापील फॉर्म होता, ज्याला सापडेल त्याने पोचवावा म्हणून सहा भाषांत सूचना छापलेल्या. मे 1847मध्ये त्यावर कुणीतरी व्यवस्थित मजकूर भरला होता आणि शेवटी लिहिलं होतं, सर्व कुशल. मग जवळजवळ वर्षभराने, 25 एप्रिल 1848ला, तोच कागद पुन्हा काढून त्याच्या समासात, कडेकडेने कागद फिरवत दुसरा मजकूर लिहिला गेला. जहाजं सोडली आहेत. फ्रँकलिन 11 जून 1847ला वारला. आजवर 9 अधिकारी आणि 15 माणसं गेली. उरलेले 105 जण आम्ही दक्षिणेकडे चालत निघतो आहोत.

24 आणि 105. एकूण 129. मधल्या कोऱ्या जागेत सर्व कुशल, आणि भोवती समासात हा आकडा. या कागदाचं छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या बाकाजवळच्या नोंदवहीची आठवण झाली. तुम्हालाही कदाचित होईल, म्हणून आधीच सांगून ठेवते.

सिमन्स या कागदाच्या पोटात शिरतो. डबाबंद अन्न किती, त्यातलं नासलेलं किती, कोळसा किती दिवस पुरेल, हिरड्यांतून रक्त येणारी माणसं किती. आणि बाहेर बर्फावर एक काहीतरी आहे. कादंबरी जवळजवळ साडेसातशे पानांची आहे, मधे काही ठिकाणी रेंगाळते, आणि शेवटाचं वळण सगळ्यांना रुचेल असं नाही. मला रुचलं. पण ती रेंगाळ कापू नका. थंडी आणि कंटाळा तुमच्या अंगात मुरल्याशिवाय बर्फावरच्या त्या गोष्टीला वजन येत नाही. कादंबरी आली तेव्हा जहाजं सापडलेलीही नव्हती. एरेबस 2014मध्ये आणि टेरर 2016मध्ये समुद्राच्या तळाशी मिळालं.

एवढं जाड पुस्तक लगेच नको असेल तर मिशेल पेव्हरची ‘डार्क मॅटर’ (2010) घ्या. छोटी आहे, आणि माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली सर्वांत शुद्ध भूतकथा आहे. 1937 साल. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर एका निर्मनुष्य उपसागराकाठी हिवाळाभर राहून हवामानाच्या नोंदी घ्यायला पाच तरुण निघतात. पाचांतले तीन पोचतात. तिघांतला एक उरतो. त्याचं नाव जॅक, तो बिनतारी संदेश पाठवणारा, घरचा गरीब, बाकीच्यांपुढे मनातून ओशाळलेला. जहाजाचा कप्तान त्यांना त्या जागी सोडायला आधीपासून नाखूश असतो आणि का ते धड सांगत नाही. सूर्य बुडतो तो काही महिन्यांसाठी. जॅक ठरल्या वेळी बाहेर जाऊन यंत्रांवरचे आकडे टिपतो, संदेश पाठवतो, कुत्र्यांना खायला घालतो आणि रोजनिशी लिहितो. आकडे टिपायला बाहेर जाणं हेच पुढे पुढे अवघड होत जातं, दारापासून यंत्रापर्यंतचं ते थोडकं अंतर. ते अंतर तुम्ही जॅकबरोबर रोज चालता. त्यातल्या कुत्र्यावर तुमचा जीव जडेल, हेही सांगून ठेवते.

मोजणी अक्षरशः मोजपट्टीने चुकलेली बघायची असेल तर मार्क डॅनिएलेव्स्कीची ‘हाउस ऑफ लीव्ह्ज’ (2000). एक कुटुंब नव्या घरात राहायला येतं. माप घेताना लक्षात येतं की घर बाहेरून आहे त्यापेक्षा आतून पाव इंच मोठं आहे. पुन्हा मोजतात. चांगली उपकरणं आणून मोजतात. पाव इंच काही जात नाही. मग दिवाणखान्याच्या भिंतीत एक काळी बोळ उघडते, आणि पुढे दोर, विजेऱ्या आणि शिधा घेऊन माणसं स्वतःच्याच घरात मोहिमेवर निघतात. घरातल्या घरात सर्व्हायव्हल. पण पुस्तक अवघड आहे. तळटीपांना तळटीपा, तिरपी छापलेली पानं, काही पानांवर जेमतेम दोन-चार शब्द. फोनवर वाचायच्या भानगडीत पडू नका, छापील प्रतच हवी. आणि पहिल्या तीन पुस्तकांच्या आधी याला हात घालू नका.

रिचर्ड मॅथेसनची ‘आय ॲम लेजंड’ (1954) चित्रपटामुळे माहीत असेल, पण कादंबरीची जातच वेगळी आहे. जगात एकटा उरलेला माणूस दिवसा कामं उरकतो, लसणाच्या माळा करतो, खिडक्यांना फळ्या ठोकतो, जनरेटर बघतो, आणि सूर्यास्ताच्या आत घरी येतो. त्याचं सगळं आयुष्य त्या सूर्यास्तावर टांगलेलं आहे. एक दिवस त्याचं घड्याळ बंद पडलेलं असतं, आणि ते त्याला उशिरा कळतं. त्याआधी मॅथेसनने तुम्हाला वेळ मोजायची इतकी सवय लावलेली असते की त्या वाक्यापाशी तुम्ही स्वतः घड्याळाकडे बघता. त्यात बायको-मुलीचं जाणं मात्र फार उघडं आहे. तुम्हाला जमेल तेव्हाच वाचा.

दोन पुस्तकं झटपट सांगून टाकते, कारण कुणी ना कुणी ती सुचवेलच. स्कॉट स्मिथची ‘द रुइन्स’ (2006) पाणी आणि अन्नाच्या वाटणीत बेजोड आहे. टेकडीवर अडकलेले काही तरुण, मोजून मापून घेतलेला घोट, आणि कुणी खोटं बोललं की काय होतं ते. पण बीभत्स पुष्कळ, शरीराचे हाल पुष्कळ. आयसीयूच्या आठवणी ताज्या असताना मी तुमच्या हातात ती देणार नाही. ॲडम नेव्हिलची ‘द रिच्युअल’ (2011) स्वीडनच्या रानात जवळची वाट म्हणून आत शिरलेल्या चार जुन्या मित्रांची आहे. पहिला अर्धा भाग अप्रतिम. ओले बूट, दुखरे गुडघे, आणि मैत्रीत साचलेली कटुता. दुसऱ्या भागात सूर बदलतो आणि माझ्यापुरती पकड सुटते.

निव्वळ अमानवी, तगून राहण्याचा भाग नसलेलं हवं असेल तर शर्ली जॅक्सनची ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’ (1959). त्यात अंधारात धरलेल्या हाताचा एक प्रसंग आहे. त्याबद्दल आधी कुठेही वाचू नका. एवढंच सांगते की खोलीतली माणसं मोजायची राहून गेलेली असतात.

काय वाचू नये, हेही तुम्ही विचारलं नसलं तरी सांगते. स्टीफन किंगची ‘पेट सेमेटरी’ (1983) सध्या बाजूला ठेवा. फार ताकदीची आहे आणि म्हणूनच ठेवा. गेलेलं माणूस परत यावं या इच्छेवरच ती बेतली आहे, आणि किंग त्या इच्छेला कुठवर नेतो ते तुम्ही आत्ता बघायची गरज नाही. दोन-चार वर्षांनी कधीतरी तुमचं तुम्हालाच वाटेल, तेव्हा बघा. एखादं पुस्तक मध्येच मिटलं तर स्वतःला भित्री म्हणू नका. उलट रात्री झोप उडायला लागली, दवाखान्यातली दृश्यं वाचनाबाहेरही डोळ्यांपुढे यायला लागली, तर पुस्तकं थांबवून एखाद्या समुपदेशकाशी बोला. अडीच महिन्यांचं जागरण अंगात राहतं, त्याला पुस्तक हे औषध पुरत नाही.

वाचायच्या पद्धतीबद्दल थोडं. दीड वर्षात पंधरा-वीस म्हणजे तुम्ही भराभर वाचता आहात, पुढच्या पुस्तकात तरी भीती सापडेल म्हणून. ही पुस्तकं तशी उघडत नाहीत. घाईत आपण नेमका हिशेब गाळतो, शिधा-सामानाचे परिच्छेद डोळ्यांखालून सरकवतो, आणि मग वल्हं हरवल्याचं काहीच वाटत नाही. ते परिच्छेद सावकाश वाचा. हवं तर पेन्सिलीने समासात लिहीत जा: माणसं इतकी, दिवस इतके. अंधार करून, मध्यरात्री वाचायचं काही कारण नाही. ‘विलोज’ तर भर दुपारी, वाऱ्याच्या दिवशी अधिक लागते. धारप-मतकरींच्या वेळी तुम्ही पाय पोटाशी घ्यायचात, कारण तेव्हा तुम्ही प्रत्येक शब्द वाचायचात. अकरा वर्षांच्या मुलीला शेवटाची घाई नसते.

आणि भावाला सोबत घ्या. त्याला गेमच्या शिलकीची नजर आहे, तुम्हाला वाचनाची. दोघांनी मिळून ‘डार्क मॅटर’ वाचून बघा, रोज दहा-बारा पानं, एकाने मोठ्याने वाचायची. बाबांच्या आजारपणात तोही त्या बाकावर असेलच. त्याने तिथे काय मोजलं ते तुम्ही त्याला विचारलं आहे का, ते मला माहीत नाही.

पहिलं ‘विलोज’. मग ‘ड्रॅक्युला’चं सातवं प्रकरण एकटं, सुटं. मग ‘डार्क मॅटर’. ‘टेरर’ला मोठी सुट्टी मिळेल तेव्हाच हात घाला, आणि वल्ह्याच्या प्रसंगापाशी आलात की मला दोन ओळी लिहा.